घरी बांधलेल्या मोटारीला हलके ब्रेक कॅलिपर : आधी हिशेब, मग पाना

मोटार तयार विकत घेण्याऐवजी ती आपल्या घराच्या गॅरेजमध्ये स्वतः बांधण्याचा एक जुना छंद ब्रिटनमध्ये आहे. कारखानदार सांगाडा, पत्रे व काही सुटे भाग देतो. इंजिन, गिअर, चाकांचे हब आणि ब्रेक हे बहुधा एखाद्या जुन्या गाडीतून काढून घेतले जातात. अशा गाडीला तिकडे किट कार म्हणतात. १९५७ मध्ये लोटस कंपनीने 'सेव्हन' ही छोटी उघडी गाडी काढली आणि या छंदाला जोर आला. त्या काळी तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या गाडीवर तो लागत नसे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला व ती सवलत संपली. त्याच वर्षी 'सेव्हन'चे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण छंद मात्र टिकला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अवघ्या अडीचशे पौंडांत मोटार बांधण्याविषयीचे पुस्तक निघाले, तेव्हा जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून सामान्य कारागीरही गाड्या बांधू लागले.

कापडाच्या व्यापाऱ्यांनी या विषयात का पडावे, असे वाचक विचारतील. आमचे काही नातलग लँकशायरच्या गिरण्यांत कामाला गेले होते. गिरण्या बंद पडल्या आणि पुढची पिढी गॅरेजच्या धंद्यात उतरली. त्यांच्याकडे अशा गाड्या येतात, आणि गिऱ्हाइकाची एक मागणी वारंवार असते, ती म्हणजे जुने लोखंडी कॅलिपर काढून ॲल्युमिनियमचे हलके कॅलिपर बसवून द्या. आम्हाला या कामात धंद्याचा एक मोठा धडा दिसला. वस्तू एक बदलते, पण तिच्याशी जोडलेल्या पाच-सहा गोष्टींचा हिशेब बदलतो. तो हिशेब न मांडता जो भाग बसवतो, तो गिऱ्हाइकाचा पैसाच नव्हे, जीवही धोक्यात घालतो. लेथवर काम करणाऱ्या, सुटे भाग विकणाऱ्या आणि गॅरेज चालवणाऱ्या आपल्या बांधवांना हे समजून घेण्यासारखे आहे.

कॅलिपर म्हणजे काय?

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो. तो दाब नळीतून कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत पोहोचतो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. मोटारसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

जुन्या गाड्यांचे कॅलिपर ओतीव लोखंडाचे असतात. शर्यतीच्या गाड्यांसाठी बनणारे कॅलिपर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि त्यांना बहुधा चार पिस्टन असतात, दोन आत व दोन बाहेर. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची विलवुड आणि इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीची एपी रेसिंग ही या मालातील जाणती नावे. एपी रेसिंग २००० पासून इटलीच्या ब्रेंबो कंपनीच्या मालकीची आहे. याच ब्रेंबोचा मोटारसायकलच्या ब्रेकचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. म्हणजे हा धंदा वाटतो तितका आपल्यापासून दूर नाही.

हलकेपणाचा फायदा किती आणि कोणता?

लोखंडाची घनता ॲल्युमिनियमच्या अडीच पटीहून अधिक आहे. पण म्हणून कॅलिपरचे वजन त्याच प्रमाणात उतरत नाही. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा लवकर वाकते, म्हणून त्याचे अंग जाड ठेवावे लागते. दोन्ही कॅलिपर तराजूत ठेवून पाहावेत. नवा बहुधा जुन्याच्या निम्म्याच्या आसपास भरेल. एका चाकामागे दीड-दोन किलोची बचत, एवढाच हा सौदा आहे.

ही बचत क्षुल्लक नाही, कारण हे वजन स्प्रिंगच्या खालचे आहे. चाक, हब, डिस्क आणि कॅलिपर यांचा भार स्प्रिंग उचलत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर तो वर-खाली उडतो. तो कमी झाला की चाक रस्त्याला अधिक चिकटून राहते. जी गाडीच मुळात पाचशे-सहाशे किलोची आहे, तिच्यात हा फरक चालवणाऱ्याला जाणवतो.

परंतु गिऱ्हाइकाची समजूत वेगळीच असते. चार पिस्टनचा कॅलिपर लावला म्हणजे गाडी लवकर थांबेल, असे त्याला वाटते. गाडी शेवटी टायरच्या पकडीने थांबते. पेडल जोराने दाबल्यावर जुन्या ब्रेकनेही चाक जाम होत असेल, तर अधिक ताकदीचा ब्रेक लावून थांबण्याचे अंतर कमी होत नाही. शिवाय जुना ब्रेक हजार किलोंहून जड गाडीसाठी बनलेला होता. ताशी १०० किलोमीटर वेगाची ११०० किलोची गाडी थांबवताना सुमारे ४२५ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ६०० किलोच्या गाडीत ती सुमारे २३० किलोज्यूल असते. जुना ब्रेक तेवढी उष्णता सहज पेलतो. तेव्हा हलका कॅलिपर वजन वाचवण्यासाठी घ्यावा, थांबण्याच्या चमत्कारासाठी घेऊ नये. विकणाऱ्याने ही गोष्ट पैसे घेण्यापूर्वी सांगावी. कापडात दोन आणे सूत असेल तर ते शुद्ध रेशीम म्हणून विकता येत नाही. इथेही तोच न्याय.

पिस्टनचा हिशेब

कॅलिपर निवडताना पिस्टनची संख्या पाहून चालत नाही, त्यांचे क्षेत्रफळ पाहावे लागते. पद्धत सोपी आहे. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये फक्त एका बाजूचे पिस्टन मोजावेत. ज्या कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो व बाकीचे अंग सरकते, त्याचा तो एक पिस्टन मोजावा. या दोन आकड्यांची तुलना करावी.

समजा जुन्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचे क्षेत्रफळ २२.९ चौरस सेंटिमीटर येते. आता नव्या चार पिस्टनच्या कॅलिपरचे तीन पर्याय पाहू :

पावणेदोन इंची पिस्टन : एका बाजूचे दोन मिळून ३१ चौरस सेंटिमीटर. जुन्यापेक्षा ३५ टक्के जास्त.

दीड इंची पिस्टन : दोन मिळून २२.८ चौरस सेंटिमीटर. जवळजवळ जुन्याएवढेच.

३५ मिलिमीटरचा पिस्टन : दोन मिळून १९.२ चौरस सेंटिमीटर. जुन्यापेक्षा १६ टक्के कमी.

दुकानात तिन्ही कॅलिपर सारखेच दिसतील, गाडीत मात्र तिन्हींचा स्वभाव वेगळा. क्षेत्रफळ वाढले की पुढच्या चाकांवर जोर वाढतो, पण ते भरायला तेलही जास्त लागते आणि पेडल अधिक खोल जाते. क्षेत्रफळ कमी झाले की पेडल कडक लागते आणि पाय जास्त दाबावा लागतो. अशा गाड्यांत इंजिनच्या ओढीवर चालणारा ब्रेकचा मदतनीस, म्हणजे सर्वो, बहुधा बसवलेला नसतो. म्हणून हा फरक थेट पायाला कळतो.

पुढचा-मागचा तोल

यापुढची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली, तर त्यांची बाजूची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. दोन्ही वाईटच, परंतु पहिल्यात चालकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून पुढची चाके नेहमी आधी जाम झाली पाहिजेत.

आता वरचा तिसरा पर्याय घ्या. ३५ मिलिमीटरच्या पिस्टनने पेडल कडक झाले, म्हणून कोणी सुचवतो की मास्टर सिलिंडर लहान करा. पाऊण इंची सिलिंडरचे क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर आणि ०.७ इंचीचे २.४८. लहान सिलिंडरने त्याच पायात सुमारे १५ टक्के जास्त दाब मिळतो. पुढचा ब्रेक जवळजवळ पूर्वीसारखा झाला आणि पायालाही बरे वाटले. पण तोच वाढलेला दाब त्याच सिलिंडरमधून मागच्या ब्रेकलाही गेला, आणि मागे तर काहीच बदललेले नाही. म्हणजे मागचा ब्रेक १५ टक्के अधिक ताकदवान झाला. कोरड्या रस्त्यावर हे कदाचित कळणार नाही. पावसात, उतारावर, घाईने ब्रेक दाबला की कळेल, आणि तेव्हा फार उशीर झालेला असेल. पेडल छान लागते म्हणून ब्रेक छान आहे, असे समजणे ही या कामातील सर्वांत महागडी समजूत आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, क्षेत्रफळ जुन्याच्या जवळ राहील असाच कॅलिपर घ्यावा. आमच्या उदाहरणात तो दीड इंची पिस्टनचा. वजन वाचते, बाकीचा हिशेब जागच्या जागी राहतो.

ब्रॅकेट : कारागिराची कसोटी

नवा कॅलिपर जुन्या जागी थेट बसत नाही. मधे एक ब्रॅकेट, म्हणजे पोलादी जोडपट्टी, बनवावी लागते. हे टर्नर-फिटरचे काम. या पट्टीवर किती ओढा येतो? दोन माणसांशिवाय ६०० किलोची गाडी जोरात थांबवताना प्रत्येक पुढच्या चाकाच्या टायरवर सुमारे १७५ किलो वजनाएवढा ओढा येतो. टायरची त्रिज्या पॅडच्या जागेपर्यंतच्या त्रिज्येच्या जवळजवळ तिप्पट असते, म्हणून कॅलिपरवर तो सुमारे ५०० किलोंचा होतो. माणसे बसली की आणखी जास्त. आणि हा ओढा प्रत्येक ब्रेकला येतो, हजारो वेळा. भंगारातील कोणत्याही पट्टीने हे काम करू नये.

बसवताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी कागद कापतो, तसेच हे आहे. चार पिस्टनच्या कॅलिपरचे अंग बाहेरच्या बाजूला फुगीर असते आणि तेरा इंची चाकाच्या आत ते घासू शकते. चाक लावून, हाताने पूर्ण फिरवून जागा तपासावी.

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्ये हवा. दोन्ही बाजूंचे अंतर फीलर गेजने मोजावे आणि फरक पातळ शिम घालून काढावा. पॅड डिस्कच्या कडेच्या वर येता कामा नये. तसे झाले तर वरचा भाग न झिजता कंगोरा तयार होतो आणि पॅड अडकते. कॅलिपर किती जाडीच्या डिस्कसाठी बनला आहे, हेही खरेदीपूर्वीच विचारावे.

ॲल्युमिनियममधील आटे नाजूक असतात. पोलादात बोल्टच्या व्यासाएवढी आट्यांची लांबी पुरते; ॲल्युमिनियममध्ये ती दीड ते दोन पट लागते. बोल्ट उच्च प्रतीचे, खूण असलेले घ्यावेत आणि उत्पादकाने दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत. हबच्या ओतीव लोखंडावर वेल्डिंग करून ब्रॅकेट चिकटवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तिथे तडा गेला तर तो बाहेरून दिसत नाही.

हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल खाली जातो, हवा आतच राहते आणि कितीही तेल ओतले तरी पेडल स्पंजासारखे लागते.

आट्यांचा धोका

अमेरिकन मालाला इंची आटे, युरोपच्या मालाला मिलिमीटरचे आटे. तीन-अष्टमांश इंचाचा, इंचाला २४ आट्यांचा जोड आणि १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा जोड हे दोन्ही दिसायला सारखे असतात. पहिल्याचा व्यास साडेनऊ मिलिमीटर. तो दुसऱ्याच्या भोकात शिरतो, फिरतो, थोडा आवळतोही. पण त्याची पकड नावापुरती असते. जोरात ब्रेक दाबला की तो सुटून येऊ शकतो आणि सगळे तेल बाहेर जाते. म्हणून प्रत्येक जोड वर्निअर व आट्यांच्या गेजने तपासावा. 'बसतंय ना, मग ठीक आहे' हे वाक्य ब्रेकच्या कामात उच्चारू नये.

हँडब्रेक, पॅड आणि तेल

शर्यतीच्या हलक्या कॅलिपरला बहुधा हँडब्रेकची सोय नसते. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या गाडीला तारेने किंवा दांड्याने चालणारा स्वतंत्र हँडब्रेक लागतो. म्हणून मागचा जुना ब्रेक तसाच ठेवून फक्त पुढचे कॅलिपर बदलणे हे शहाणपणाचे आणि स्वस्तही. मागेही बदलायचे असल्यास हँडब्रेकसाठी वेगळा छोटा कॅलिपर घ्यावा लागतो, आणि मग वाचवलेले वजन परत येते.

पुष्कळ हलक्या कॅलिपरना पिस्टनवर धुळीचे रबर नसते. शर्यतीत कॅलिपर वारंवार उघडून साफ होतो. रोजच्या गाडीत होत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने ॲल्युमिनियम आणि पोलादी बोल्ट यांच्या सांध्याला गंज धरतो. गाडी रोज वापरायची असेल तर धुळीचे रबर असलेला कॅलिपर थोडा महाग पडला तरी घ्यावा.

पॅडही रस्त्याचेच घ्यावे. शर्यतीचे पॅड गरम झाल्यावर चांगले पकडते. थंडीत सकाळच्या पहिल्या ब्रेकला ते दगा देते. जुन्या गाडीचे पॅड काढताना धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्याआधीच्या पॅडमध्ये ते असू शकते आणि ते फुप्फुसाचे शत्रू आहे.

तेल डॉट ४ प्रतीचे वापरावे. नवे असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतील ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नये. सिलिकॉनचे डॉट ५ तेल यात कधीही मिसळू नये.

तपासणी आणि कायदा

ब्रिटनमध्ये अशा गाड्यांसाठी १९९८ पासून एकेका गाडीची तपासणी सुरू झाली. २००९ पासून ती आयव्हीए या नावाने होते. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत, म्हणजे एक फुटला तरी दुसरा चालेल. तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा हवा. आणि मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. पास झालेल्या गाडीवर नंतर वेगळा कॅलिपर बसवला तर कागद जुने आणि ब्रेक नवा अशी स्थिती होते. विमा कंपनीला बदल लेखी कळवणे तेव्हा आवश्यकच.

तपासणीला नेण्यापूर्वी आपली तपासणी करावी. गाडी उभी असताना पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. मग बंद मैदानात हळू वेगाने ब्रेक दाबून, बाजूला उभ्या माणसाला कोणते चाक आधी जाम होते ते पाहायला सांगावे. पहिल्या दिवसानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. तिकडचे पाहून इकडे गाड्या बांधण्याचा विचार करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

धंद्याचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. गिऱ्हाईक कॅलिपरच्या जोडीची किंमत विचारतो. पण त्यावर दोन ब्रॅकेट, बोल्ट, पॅड, नव्या नळ्या, जोड, तेल, कधी नवी डिस्क, आणि फिटरची मजुरी हे सारे चढते. आपण कापड आणतो तेव्हा गिरणीचा भाव म्हणजे दुकानातला भाव नसतो. गाडीभाडे, हमाली मिळवूनच पडता काढतो. तसाच पडता इथे आधी कागदावर काढून गिऱ्हाइकाला दाखवावा. तो परवडत नसेल तर जुना लोखंडी कॅलिपर नव्या रबरांसह दुरुस्त करून बसवणे हा पूर्ण सुरक्षित मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही.

ज्याने ब्रॅकेट बनवले, त्याने जाडी, पोलादाचा प्रकार आणि बोल्टची प्रत एका कागदावर लिहून सही करून द्यावी व नक्कल आपल्याकडे ठेवावी. चांगल्या कारागिराला या कागदाची भीती वाटत नाही, आणि ज्याला वाटते त्याच्याकडून ब्रेकचे काम करून घेऊ नये. फाटलेला कपडा गिऱ्हाईक परत आणून देऊ शकते. सुटलेल्या ब्रेकचे तसे होत नाही, आणि त्या वेळी गाडीसमोर कोण असेल हे कोणालाच सांगता येत नाही.